गाडीची दृष्ट

“वस्तू घेतानी पालथी करून पाहाजो, नलू. वरून तं सारंच चकचकते.”

आनंदाबाईंचा, म्हणजे नलूच्या आईचा, हा आवाज तिच्या कानात अजून तसाच होता. आष्टीच्या बाजारात परात घ्यायची असो की कढई, आई आधी ती पालथी करायची, बुडाला बोटानं टिचकी मारायची आणि मगच भावाची भाषा करायची. दुकानदार वैतागायचा, आई कधी वैतागली नाही. पण आज अंगणात जे येऊन उभं राहिलं होतं ते पालथं कसं करावं, हे काही आईनं शिकवून ठेवलं नव्हतं.

गाडी पांढरी होती, उंच होती, सात माणसं ऐसपैस बसतील एवढी मोठी होती. रोहणा गावातल्या त्या अरुंद गल्लीत ती शिरली तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. नलूचा नवरा रूपराव मुद्दाम शुक्रवारीच ती नागपूरहून घेऊन आला होता. शनिवारी लोखंड घरात आणू नये म्हणून, असं तो सांगत होता. एरवी वार-तिथी बायकोनं सांगावी तेव्हा त्याला कळायची. खरं तर उजेड असतानाच गावानं गाडी पाहावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

गाडी जुनी होती, पण जुनी म्हटलेलं त्याला चालत नसे. नंबरपट्टी रत्नागिरीकडची होती आणि त्याचाच त्याला मोठा अभिमान. कोकणात धूळ नसते, आपल्यासारखं भाजून काढणारं ऊन नसते, थंड हवेत राहिलेली गाडी आहे, असं तो येईल त्याला ऐकवत होता आणि ऐकणारे माना डोलवत होते. त्यांचंही बरोबरच होतं. वर्ध्याकडच्या माणसाला लोखंड खराब होण्याची भीती ठाऊक नाही. बैलगाडीची धाव, नांगराचा फाळ, वखराची पास, सगळं गोठ्याबाहेर वर्षानुवर्षं उन्हात पडलेलं असतं. ते तापतं, चटके देतं, पण टिकतं. समुद्र तिथल्या कोणी पाहिला होता?

गाडीखाली आपण वाकून पाहिलं, हेही त्यानं नलूला सांगितलं. “खालून बी काजळावानी काळीभोर हाय.”

एवढ्या वर्षांची गाडी खालून काजळासारखी काळीभोर कशी, हे नलूच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्याचा चेहरा इतका फुललेला होता की तिनं ते गिळून टाकलं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते तिला पक्कं ठाऊक होतं. मुलगी अपेक्षा आष्टीला व्यापाऱ्याच्या घरी दिली होती. लग्नही तिकडेच लागलं. व्याह्यांच्या दारात त्यांच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, आणि मुलीचा बाप भाड्याच्या मालवाहू टेम्पोत मागं उभा राहून गावाकडे परतला. त्या टेम्पोतच त्यानं सगळ्या वऱ्हाडासमोर सांगून टाकलं होतं की पहिल्या बाळंतपणाला माझी पोरगी येईल ती बापाच्या गाडीतूनच येईल. आता अपेक्षाला सातवा सरत आला होता. आठव्यात लेकीला आणत नाहीत. म्हणून पुढचा शुक्रवार ठरला होता. नलूनंही फोनवर तिला शब्द दिला होता, मी स्वतः येईन घ्यायला. पहिलटकरीण पोर, हळवी झालेली. रोज फोन करून विचारायची, आई, नक्की ना?

रविवारी गाडीची पूजा झाली. नलूचा रोजचा नेम पहाटेचा. अंघोळ, तुळशीला पाणी, दिवा, प्रदक्षिणा, आणि तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्या दिवशी तो आटोपून तिनं गाडीपुढं रांगोळी काढली, पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक रेखलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फोडायला दगड धुऊन ठेवला. पण नव्या गाडीचा नारळ गाडीवरच फोडतात, असं रूपरावनं मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं. पुढच्या बंपरखाली, गाडी बंद पडली तर दोर बांधून ओढायला एक लोखंडी हूक असतो, त्यावर फोडायचा. नलू म्हणाली, दगड आहे ना. तो म्हणाला, तुले काय समजते.

त्यानं देवाचं नाव घेऊन नारळ हाणला. खट्ट झालं ते नारळाचं नव्हतं. नारळ त्याच्या हातात शाबूत होता. हूक मोडून लोंबत होता, आणि ज्या लोखंडाला तो जोडलेला होता त्यातून तपकिरी खपल्या सुटून पांढऱ्या रांगोळीवर भुरभुर पडत होत्या.

मग तानबा बोलले. तानबा हे नलूचे भासरे, म्हणजे रूपरावचे थोरले चुलतभाऊ. गल्लीत कोणाच्याही घरी काहीही निघालं की पहिली खुर्ची त्यांची आणि शेवटचा शब्दही त्यांचाच.

“नारळ घेतला नाई देवानं,” ते म्हणाले. “दृष्ट लागली गाडीले, रूपराव. गल्लीतून आणली तवाच मले वाटलं.”

नलूनं खाली बसून एक खपली उचलली आणि चिमटीत धरली. पापडासारखा तिचा चुरा झाला. तो तिनं नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं न पाहताच हात झटकला.

तिला खरा वैताग आला तो तिथून पुढं. ज्या माणसाला आरतीला उभं करायला हाका मारून मारून तिचा घसा बसायचा, तो एका दिवसात देवभोळा झाला. गाडीला पुढं लिंबू-मिरची लागली, मागं काळी बाहुली, आरशाला काळा दोरा, सीटखाली बिब्बा. गाडीखाली वाकून पाहायला मात्र कोणी तयार नाही. गंज म्हटला की घेणारा फसला असं होतं, आणि दृष्ट म्हटली की घेणाऱ्याचा लोकांना हेवा वाटला असं होतं. रूपरावला लोकांचा हेवा परवडत होता.

देवानं नाकारलेला म्हणून तो नारळ बाजूला ठेवला होता. दुपारी नलूनं तो दगडावर आपटला. एका ठोक्यात फुटला. पांढरंशुभ्र खोबरं, गोड पाणी. तिनं त्याची चटणी केली. रूपरावनं ती मागून घेऊन खाल्ली, पण नारळ कोणता हे विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. देवाला मधे ओढून लोखंडाची लाज झाकायची, हे तिच्या मनाला इतकं लागलं होतं की संध्याकाळी तुळशीपुढं दिवा लावताना तिला देवाकडे वर पाहवेना.

सोमवारी तानबांनी मोठा उपाय काढला. माणसाची दृष्ट मीठ-मोहऱ्यांनी उतरते. गाडी माणसाहून मोठी, तेव्हा मीठही तसंच लागणार. ढोरांसाठी आणलेलं खड्याचं मीठ बादलीत विरघळवलं, ते पाणी फवारणीच्या पंपात भरलं, आणि रूपरावनं पंप पाठीवर घेऊन गाडीला वरून, खालून, चाकांच्या मागून, जिथं नळी शिरेल तिथून अंघोळ घातली. तानबा खुर्चीवर बसून राहिलेल्या जागा दाखवत होते.

नलू दारात उभी होती. भासऱ्यांपुढं ती मोठ्यानं बोलत नसे. रूपराव पंप भरायला जवळ आला तेव्हा पदर सावरून हळूच म्हणाली, “अजी, लोणच्याच्या बरणीत लोखंडी चमचा कोणी ठेवते काय?”

“आता मधातच लोणचं कायले?”

“मीठ लोखंडाले खाते म्हून. थे गाडी खाऱ्या पाण्याच्या गावातून आली, आन तुम्ही तिले अजून खारं पाजून राह्यले.”

तू तुझी पूजा कर, गाडीचं मला पाहू दे, असं म्हणून तो निघून गेला. खुर्चीवरून तानबा कोणाकडेही न पाहता म्हणाले, बायकांचा विश्वासच कमी असतो. तुळशीला पाणी घातल्याशिवाय जिनं इतक्या वर्षांत चहाही घेतला नव्हता, तिनं हे ऐकून घेतलं आणि ती आत गेली. त्या दिवशी भाजी अळणी झाली. रूपरावनं विचारलं, मीठ काऊन नाही? ती म्हणाली, सारं गाडीलाच लागलं.

मंगळवारी तो गाडी घेऊन वावरात जाऊन आला आणि मागचं दार लागेनासं झालं. वरचा कोपरा जागेवर यायचा तर खालचा बाहेर राहायचा. खालचा दाबला की वरचा निघायचा. रूपरावनं शेवटी दार दोरीनं बांधून टाकलं. तानबा म्हणाले, दृष्ट उतरून राह्यली, अंग सैल पडतेच. हे ऐकून नलूला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. ती त्या बांधलेल्या दाराकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांपुढं आष्टी ते रोहणा हा सगळा रस्ता होता, त्यातले खड्डे होते, आणि मागच्या सीटवर दोन्ही हात पोटावर ठेवून बसलेली अपेक्षा होती.

बुधवारी दार दुरुस्त करून घ्यायला रूपराव आर्वी रस्त्यावरच्या धर्मेंद्रकडे निघाला, तेव्हा ती न बोलावता पुढच्या सीटवर जाऊन बसली. धर्मेंद्र गॅरेजवाला. नात्यातला नाही, पण काका-काकू म्हणणारा. तो गाडीखाली शिरला, बराच वेळ आत राहिला, बाहेर आला आणि हात पुसत बसला. हात कधीचे स्वच्छ झाले तरी पुसतच होता.

दाराचा दोष नाही, असं तो मग म्हणाला. सगळी गाडी ज्याच्यावर बसलेली असते तो खालचा सांगाडा, चेसिस, तो मागच्या बाजूला थोडा बसला आहे. वरून काळा रंग मारलेला आहे, त्यामुळं नीट कळत नाही. काका म्हणतील तर लोखंडी पट्टी मारून देतो.

नलू म्हणाली, “हातोडी मारून पाह्य ना बाप्पा एकडाव.”

“नाई मारत, काकू. मारली का भोक पडते. आन भोक पडलं का काका म्हणतीन, धर्मेंद्रनं पाडलं.”

“म्हंजे भोक पडण्यासारखं हाय.”

“मी कुठी म्हटलं?” तो म्हणाला आणि पुन्हा फडकं शोधू लागला.

रूपराव मात्र खूश झाला. भोक नाही म्हणतो ना तो, मग झालं तर. येताना त्यानं हेच नलूला सगळी वाट समजावलं. धर्मेंद्रसारखा माणूस भोक नाही म्हणाला, म्हणजे नाही. ती खिडकीतून बाहेरची, कापूस वेचून झालेली पऱ्हाटी पाहत बसली. एकाला खालचं लोखंड पाहायचं नाही, एकाला पाहिलेलं सांगायचं नाही, आणि एकाला बसल्या जागेवरून सगळं दिसतं. तिनं या तिघांपैकी कोणावर चिडावं?

गुरुवारी रूपराव नव्या सीटकव्हरांसाठी मोटारसायकलनं आर्वीला गेला. मार्गशीर्षातला गुरुवार होता, नलूचा उपास होता. देवीची पूजा मांडून झाली, नैवेद्य दाखवून झाला. मग तिनं पातळाचा काष्टा आवळला, गाडीमागं पोतं अंथरलं, चुलीजवळचं लोखंडी उलथनं हातात घेतलं आणि आडवी होऊन सरकत सरकत आत शिरली. गुडघे कुरकुरले. सांगाड्याच्या पोकळीत साठलेलं मिठाचं पाणी अजून कुठून कुठून ठिबकत होतं. एक थेंब तिच्या ओठावर पडला, खारट.

वर काळाभोर लांब खांब आडवा गेलेला दिसत होता. पुढच्या बाजूनं तिनं उलथन्याच्या दांड्यानं ठोकलं, टणक वाजलं. थोडं मागं सरकून ठोकलं, आवाज बसका आला. आणखी मागं, चाकाच्या वर, तिनं उलथन्याची धार टेकवून थोडा जोर दिला. ठोकावंही लागलं नाही. भाकरीचा पापुद्रा फुटावा तसा काळा रंग फुटला आणि उलथनं अर्धं आत गेलं. तिच्या तोंडावर, केसांवर, कपाळाच्या कुंकवावर तपकिरी भुगा पडला. डोळे मिटून ती तशीच पडून राहिली.

तेवढ्यात मोटारसायकल अंगणात आली. गाडीखालून बाहेर आलेली बायकोची पावलं पाहून रूपराव ओरडतच धावला. तिनं हळूहळू स्वतःला बाहेर काढलं. तिला काही झालेलं नाही हे कळलं तेव्हा त्याची भीती निघून गेली आणि तिच्या जागी संताप आला. चांगल्या गाडीला भोक पाडलं म्हणून तो बोलत सुटला. घरात लक्ष्मी मांडलेली असताना लक्ष्मीलाच उलथनं खुपसलं, असंही म्हणाला. ती पोत्यावर बसून सगळं ऐकत होती आणि पदरानं डोळ्यांतला भुगा काढत होती.

तो थांबला तेव्हा म्हणाली, “मी भाकर उलटवतो त्या उलथन्यानं. भाकरीले भोक पडत नाई त्यानं. तुमच्या गाडीले पडलं.”

“पट्टी मारून घेऊ उद्या सकायीच.”

“पट्टी कायले माराल? पट्टीले धराले लोखंड तं पाह्यजे.” ती उठून उभी राहिली. तिचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता. “नारळ चांगला होता. त्याची चटणी खाल्ली तुम्ही, गोड लागली. देवानं काही नाकारलं नाई. देवाचं नाव घेऊन तुम्ही माह्या पोरीले ह्या भुग्यावर बसवाले निंगाले. थे मी नाई होऊ देत. तुमची गाडी गावाले दाखवाची असन तं दाखवा, रोज दाखवा. अपेक्षा तिच्यात बसत नाई.”

तो वाकला, गाडीखाली हात घातला आणि अडकलेलं उलथनं ओढून काढलं. त्याच्याबरोबर मूठभर भुगा आला. ह्या वेळी त्यानं हात झटकला नाही. बोटं फिरवून फिरवून तो भुगा पाहत राहिला. मग उलथनं आणि हात दोन्ही नळाखाली धुतले, आणि सीटकव्हरांची पिशवी तशीच ओसरीवर टाकून आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला. सासूबाई विचारत होत्या, गाडी किती वाजता येईल, जेवण किती माणसांचं करायचं. बाबांची गाडी सासरच्या सगळ्यांना पाहायची होती. रूपराव तिथंच बसला होता, फोनमधला शब्दन्शब्द त्याला ऐकू येत होता. नलूनं एवढंच म्हटलं, “मी येऊन राह्यली तुले घ्याले.” अपेक्षानं पुन्हा विचारलं, आणि बाबा? नलू म्हणाली, जेवून घे वेळेवर, आणि फोन ठेवला.

तिचं मनात ठरलं होतं. पहिल्या बसनं आर्वी, तिथून बदलून आष्टी. विहीणबाईंना, प्रमिलाबाईंना, पाया पडून सांगायचं, तुमची गाडी द्या, लेक सुखरूप पोचवू. त्या देतील, आणि दिल्याचं चार ठिकाणी सांगतीलही. सांगू देत. रूपरावला मात्र ती हे कोणत्या तोंडानं सांगणार होती? टेम्पोत उभा राहून बोललेलं त्याचं वाक्य तिलाही पाठ होतं, आणि ते तिनंच खोटं पाडलं होतं. त्याच्या ताटात तिनं गरम भाकरी वाढली.

शुक्रवारी तिचा नेम नेहमीच्या वेळेला झाला. देवाकडे तिनं फक्त रस्ता चांगला मागितला. ओटीचं सामान, बदलायचं लुगडं आणि अपेक्षाच्या आवडीच्या धापोड्यांचा, म्हणजे घरच्या ज्वारीच्या पापडांचा, डबा पिशवीत भरून ती बाहेर आली. रूपराव ओट्यावर बसला होता. दाढी केलेली, पांढरा सदरा घातलेला. गाडीकडे त्याची पाठ होती.

“आर्वीची बस कव्हा हाय?” त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं, येईलच एवढ्यात.

तो जरा वेळ पायातल्या वहाणेशी खेळत राहिला. मग म्हणाला, “प्रमिलाबाईले गाडी मी मांगीन. तू नको मांगू. बाप मी हाय.”

त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, खांद्यावर टाकली आणि गल्लीनं चालू लागला. नलूनं फाटकाची कडी लावली आणि त्याच्या मागं निघाली. आपल्या ओट्यावर तानबा ऊन घेत बसले होते. त्यांनी रूपरावला पायी जाताना पाहिलं आणि खुर्चीतून विचारलं, लेकीला आणायला निघाला ना, मग गाडी कुठं?

“गंजली हाय, भाऊ,” रूपराव चालता चालता म्हणाला, आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन स्टँडच्या दिशेनं वळला.